पोटखराब : शिलावर्तुळांच्या मोजणीची वही

७ जानेवारी २०२४

काम ठरलं. नागपूर जिल्ह्यातल्या एका गावाच्या शिवारात जितकी शिलावर्तुळं, म्हणजे मोठे धोंडे गोलाकार मांडलेली प्राचीन थडगी, आहेत तितकी मोजायची, गावनकाशावर बसवायची आणि प्रत्येकाचा एक कागद करायचा. व्यास, धोंड्यांची संख्या, सर्वांत मोठ्या धोंड्याची लांबी-रुंदी, आजची अवस्था, खसरा क्रमांक.

माणसं तीन. मी मोजणी खात्यातून निवृत्त. भाची पुरातत्त्वात एम. ए. झालेली आणि सध्या नोकरीच्या शोधात, म्हणून रविवारी मोकळी. तिसरे वावराचे मालक. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. निवृत्त झालो असं दोनदा सांगून पाहिलं, फरक पडला नाही.

सामान : ३० मीटरची फीत, होकायंत्र, चार खुंट्या, सुतळी, चुन्याची पिशवी, मोबाइल. मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे जातो, त्यामुळे तो फक्त जागा दाखवायला. माप फितीचंच.

भाचीचे दोन नियम. एक, खणायचं नाही, दगड हलवायचा नाही. उत्खननाला परवाना लागतो, तो आपल्याकडे नाही. दोन, गावाचं नाव वहीत लिहायचं नाही. पहिला पटला. दुसरा मला जरा जास्तीचा वाटला, पण लिहीत नाही.

१४ जानेवारी

डोळा तयार करायला आधी जुनापाणी. नागपूरहून काटोल रोडनं, गोरेवाड्याच्या अंगाला. सुमारे ३०० वर्तुळं आहेत म्हणतात. वाळलेल्या गवतात पहिली दहा मिनिटं मला एकही दिसेना. मग एक दिसलं आणि एकदम सगळा माळ भरून गेला. मोजणीतही असंच व्हायचं. एक जुना हद्दीचा दगड सापडला की बाकीचे आपोआप सापडत.

इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इथल्याबद्दल लिहिलं. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथली काही वर्तुळं उघडली. लोहयुगातली ही थडगी, मोटामोटी अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. लोकांच्या तोंडी मात्र हे गवळ्यांचे जुने तळ. इंग्रजांच्या कागदांतही ती समजूत उतरली आहे.

आत काय असतं ते भाचीनं वर्तुळाच्या कडेला उकिडवं बसून सांगितलं. जमीन थोडी खरवडायची किंवा उथळ खड्डा घ्यायचा. त्यात मृताच्या अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, सुरे. वर काळी चिकण माती. तिच्यावर मुरूम आणि गोट्यांचा ढीग. कडेनं मोठ्या धोंड्यांचं कडं.

मी काळ्या मातीपाशी अडकलो. या माळावर काळी माती नाही, बोटभरसुद्धा. ती खालून, नाल्याकाठच्या वावरातून आणावी लागली असणार. बारा मीटर व्यास आणि अर्धा मीटर थर धरला तर ५६ घनमीटर, म्हणजे वीस ब्रास माती. एका माणसासाठी. घरी येऊन हिशेब दोनदा केला, तितकाच आला.

काही धोंड्यांवर वाटीसारखे खोलगट खड्डे आहेत, आवळा बसेल एवढे. एकावर दोन समांतर ओळी. बोट घातलं तर आतून गुळगुळीत लागतं, बाहेरचा दगड मात्र खरबरीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही अभ्यासकांनी या ओळींच्या दिशा आकाशाशी जुळतात का ते तपासलं आहे. मी जाता जाता होकायंत्र लावलं, मग बंद केलं. दोन खड्डे असले की ओळ होतेच, आणि ओळ दिसली की मोजावीशी वाटणं ही आमच्या धंद्याची खोड.

२८ जानेवारी

आपल्या गावात पहिला दिवस. सात वर्तुळं झाली आणि सातही रद्द. पहिली चार मी धोंड्यांच्या बाहेरच्या कडेनं मोजली, उरलेली तीन भाचीनं आतल्या कडेनं. तीस वर्षं साखळी ओढलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी! आता ठरलं : माप धोंड्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत, दोन काटकोनी दिशांनी, आणि सरासरी.

अर्धवट वर्तुळाला जुनी युक्ती. कड्यातले तीन शाबूत धोंडे धरायचे, त्यांच्यामधल्या दोन रेषा मधोमध तोडायच्या, तिथून काटकोनात सुतळी ताणायची. सुतळ्या जिथे मिळतील तो मध्य. तिथे चुन्याची चिमूट. भाऊ बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे जे दगडं नाही, ते बी तुम्ही मोजता."

११ फेब्रुवारी

चौदा वर्तुळं पक्की झाली.

चहाच्या वेळी भाऊंना विचारलं, आजूबाजूला सगळीकडे पऱ्हाटी (कापूस) आहे, ही गोल जागा तेवढी पडीक कशी राहिली?

"आमच्या बुढ्यानं इथं वखर घातलाच नाही."

"काहून? भीती?"

"भेव कायचं! दगडाले लागला का पास तुटते ना. मंग लोहाराकडं कोण चकरा मारन?"

भाचीचा चेहरा जरा पडला, तिला एखादी दंतकथा हवी होती. मला मात्र हे उत्तर सोन्यासारखं वाटलं. वखराचं लोखंडी पातं, म्हणजे पास, मोडेल या हिशेबानं लोखंडवाल्यांची थडगी वाचली.

कप विसळताना भाऊ स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "अन् तसंही, कोनाचं तरी असनच ना ते."

२५ फेब्रुवारी

क्रमांक १९. बरोबर मध्यभागी कंबरभर खड्डा, माती ताजी. बाजूला फुटलेलं लिंबू, हळद-कुंकू, उदबत्तीच्या काड्या आणि गुटख्याच्या पुड्या. गुप्तधन शोधणारे.

खड्ड्याच्या कडेला मडक्याचे तुकडे पडले होते. बाहेरून तांबडे, आतून काळे, पातळ, काठाला झिलई. भाचीनं फोटो घेतले, उचलला एकही नाही. ती काही बोलली नाही, मीही नाही. या थडग्यांत सोनं अगदीच क्वचित निघालं आहे. निघतं ते लोखंड, तांबं, मडकी, अकीकाचे मणी. आणि समजा काही निघालंच, तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. लिंबू कापणाऱ्याला हे कोण सांगणार.

गावाचं नाव का लिहायचं नाही ते कळलं.

१० मार्च

आजचा दिवस कागदांचा. भाऊंचा सातबारा आणि गावनकाशा घेऊन बसलो.

भाऊंच्या एका खसऱ्यात नऊ वर्तुळं आहेत. सर्वांत लहान ९.२ मीटर, सर्वांत मोठं १७.८. नवांचं क्षेत्रफळ मिळून ११.९ आर. वखर धोंड्याला लागून फिरत नाही, हातभर-दोन हात सोडूनच वळतो. म्हणून प्रत्येकाभोवती एक मीटर धरला, तर होतात १५.८ आर. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न धरलेलं, क्षेत्र ०.१९ हेक्टर, म्हणजे १९ आर. उरलेले तीन आर नाल्याच्या दरडीचे, ते मी डोळ्यांनी पाहिलेत.

म्हणजे सगळं आधीच मोजलेलं आहे. माझ्याआधी कुणीतरी साखळी घेऊन या वावरात उभा होता, त्यानं प्रत्येक वर्तुळ वजा केलं आणि बेरीज एका रकान्यात टाकली. थडगी सरकारी दप्तरात आहेत, फक्त त्यांना नाव नाही.

पोटखराबाचे दोन वर्ग. वर्ग अ म्हणजे शेतीला अयोग्य : खडकाळ जागा, खातेदाराचं खळं, शेतातलं घर. वर्ग ब म्हणजे राखीव : रस्ता, पायवाट, लोकांच्या वापराचा तलाव किंवा नाला, आणि कोणत्याही समाजाची दफनाची किंवा दहनाची जागा. नियमात हे स्पष्ट आहे. भाऊंच्या सातबाऱ्यावर वर्ग अ. वर्ग अ साफ करून लागवडीखाली आणला तर तशी नोंद करून घेता येते. वर्ग ब ला ती सोय नाही.

भाचीला हा फरक समजावून सांगितला तर ती म्हणाली, "मामा, मग वर्ग बदलून घ्या ना." कोणाच्या अर्जावर? दफन करणारा समाज कोणता, वारस कोण, पुरावा काय? त्यातून वर्ग बदलला तर भाऊंचे पंधरा आर कायमचे अडकणार. त्यांचा काय गुन्हा?

एक गोष्ट लिहून ठेवतो. नोकरीत असताना अशी गोल जागा मी कितीदा पाहिली असेन, 'खडकाळ' लिहून पुढे गेलो असेन. आठवायचा प्रयत्न केला, एकही आठवली नाही.

२४ मार्च

होळी. काम नाही.

७ एप्रिल

क्रमांक १७ रद्द.

हे वर्तुळ आम्हाला फार आवडलं होतं. अगदी गोल, धोंडे एकसारखे, व्यास ११ मीटर. मध्ये उंचवटा नव्हता, पण तो वाहून गेला असेल असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. आज त्या बाजूच्या आजी शेळ्या घेऊन आल्या. फीत ताणलेली पाहून थांबल्या.

"काय मोजून राह्यले बापा?"

भाचीनं अडीच-तीन हजार वर्षांचं सगळं सांगितलं, आदबीनं. आजींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते तं आमचं खळं होय. माह्या सासऱ्यानं दगडं मांडले होते, ढोरं अंदर नाही आले पाह्यजे म्हनून. मधात मेढ होती."

मेढीचा, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाचा, खळगा खरंच होता. आम्ही त्याची नोंद 'मध्यभागी लहान खड्डा, हेतू अज्ञात' अशी केली होती.

त्या निमित्तानं बाकीचे सगळे कागद पुन्हा तपासले. आता उंचवटा हातानं पाहिल्याशिवाय आणि मुरूम-गोट्यांचं भरण दिसल्याशिवाय क्रमांक द्यायचा नाही. आजींनी जाताना आणखी एक दाखवलं, पळसाखाली. त्याच्या पूर्वेच्या धोंड्याला शेंदूर, पुढे नारळाची करवंटी. त्या त्याला मातामाय म्हणतात. हे खरं निघालं. क्रमांक ३४.

२१ एप्रिल

ऊन. सकाळी सहा ते नऊ, बस्स. दोनच वर्तुळं.

सावलीत बसून भाची माहुरझरीचं सांगत होती. तेही काटोल रोडवरच, जुनापाणीच्या पलीकडे. १९७० च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी तिथली वर्तुळं खणली. घोड्यांचे सांगाडे निघाले, तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने चढवलेले. काही हाडांवर धारदार हत्याराच्या खुणा होत्या. म्हणजे घोडा सजवला, मारला आणि धन्याजवळ ठेवला. टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर, भागीमहारी, सगळीकडे घोडा आहे. विदर्भाच्या या थडग्यांची ती ओळखच. नायकुंडला पेंचच्या काठी लोखंड वितळवण्याची भट्टीही सापडली. घोडा, लोखंड, तांबं, मणी : ही माणसं गरीब नव्हती, निदान ज्यांना वर्तुळ मिळालं ती तरी नव्हती. ज्यांना मिळालं नाही ती कुठे गेली, असं मी विचारलं. "तोच तर प्रश्न आहे मामा," एवढंच म्हणाली.

मला गडचिरोलीतल्या भामरागडकडचे नोकरीतले दिवस आठवले. माडिया लोक आजही मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात, गावाबाहेर, वाटेच्या कडेला. मोजणीची रेघ अशा एका रांगेतून जात होती. सोबतच्या म्हाताऱ्यानं माझा हात धरून मला चार पावलं बाजूला नेलं आणि एकेका दगडाकडे बोट करून सांगू लागला : हा आजा, हा चुलता, ही त्याची बायको. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ओळख करून देत होता, एवढंच. रेघ मी वळवली. तिथले दगड आणि इथली वर्तुळं यांचं नातं काय, यावर विद्वान बोलतील. मला तो धरलेला हात आठवतो.

१२ मे

नकाशा पुरा झाला. तेहेतीस पक्की. पैकी तीन जमिनीवर नाहीत, ती नियमाला अपवाद.

उपग्रहाच्या जुन्या चित्रांत ती दिसतात, पांढुरक्या माळावर तीन काळपट बांगड्या. त्यानंतरच्या चित्रात तिथे खड्डा. आज जाऊन पाहिलं. मुरमाची खाण, दोन पुरुष खोल, तळाशी हिरवं पाणी आणि प्लास्टिक. कडेच्या उभ्या कापात एका ठिकाणी तांबूस मुरमात काळ्या मातीचा पट्टा दिसतो, वीतभर जाड, दोन्ही टोकांना वर वळलेला. आमच्या सगळ्या मोजणीत वर्तुळाचा उभा छेद एकदाच बघायला मिळाला, आणि तो जेसीबीनं दाखवला.

नकाशा भिंतीवर लावून बराच वेळ पाहिला. तीस वर्तुळं माळाच्या धारेवर, मुरमाड जमिनीत. काळ्या मातीत एकही नाही. शां. भा. देव यांनी टाकळघाटला वस्ती खणली आणि खाप्याला दफनं, तिथेही राहण्याची जागा वेगळी आणि मेलेल्यांची वेगळी. चांगली जमीन जित्यांना, नांगर न चालणारी मेलेल्यांना. हा वाटपाचा हिशेब इतका पक्का होता की पुढे गवळी आले, गोंड राजे, भोसले, इंग्रज आले, तरी कुणाला त्या जमिनीची गरज पडली नाही. म्हणून ती टिकली. त्यात श्रद्धेचा वाटा असेल, पण मी सातबारे वाचलेला माणूस आहे, मला निकस जमिनीचा वाटा मोठा दिसतो.

आता तीच जमीन सर्वांत महाग झाली. काळ्या मातीचा भाव एकरानं होतो, मुरमाचा ब्रासनं. रस्त्याला मुरूम, लेआउटला मुरूम, आणि मुरूम काढून सपाट झालेल्या जागेवर पुन्हा प्लॉट.

भाऊंच्या गोठ्यात परतताना उंबऱ्याच्या पायरीकडे लक्ष गेलं. इतके महिने त्यावर पाय देऊन आत जात होतो. दगडावर नऊ वाट्या. भाऊंची नात त्यांत चिंचोके मांडून खेळत होती. एका वाटीत तीन, दुसरीत पाच. वडिलांनी कुठूनसा बंडीत घालून आणला, एवढंच भाऊंना माहीत. कुठून ते सांगणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे नकाशावर याला जागा नाही. वेगळा कागद केला : 'वाटीखुणांचा धोंडा, मूळ स्थान अज्ञात, सध्या वापरात.'

२ जून

परवा यादी, नकाशा आणि फोटो घेऊन एका कार्यालयात गेलो. जिल्ह्यातले जुनापाणीसारखे बरेच गट केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यांच्याभोवती १०० मीटर बांधकाम आणि खाणकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगीनं. आपलं गाव यादीत नाही.

टेबलावरच्या बाबूंनी सगळं चाळून विचारलं, "तुमची मागणी काय?"

मागणी नाही, माहिती आहे, असं सांगितलं.

"मग आवक कशात घेऊ?"

प्रश्न बिनतोड होता. मीही त्या खुर्चीत बसलेला माणूस, त्यांची अडचण मला कळत होती. अखेर 'तक्रार' या सदराखाली घेतलं. कुणाविरुद्ध, हा रकाना कोरा. पोच मिळाली.

दुसरी प्रत भाचीच्या विभागातल्या सरांना, तिसरी ग्रामपंचायतीला. सरपंचबाईंनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, यातली गावठाणाच्या लेआउटमध्ये किती येतात? चार. त्यांनी चारांभोवती पेनानं गोल केला. पुढे काय करणार ते बोलल्या नाहीत, पण आतापर्यंत कुणी विचारलेला सर्वांत कामाचा प्रश्न हाच.

१६ जून

परवा रात्री मोठा पाऊस. सकाळी गेलो तर नाला गुडघाभर, ओलांडायला भाऊंचा हात धरावा लागला. हिस्लॉप आठवले, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे. ते मिशनरी, पण दगडांचे नादी. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहून बोरीकडे घोड्यावरून परतत होते. सोबत गेलेले इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल पुढे निघून गेले होते. वाटेतल्या नाल्याला पूर होता, त्यात हिस्लॉप बुडाले. त्यांचे कागद टेंपलनीच पुढे १८६६ मध्ये छापले. भाऊंना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग तुम्ही कायले पावसात येता?"

काम थांबवतो. गवत वाढलं की काही दिसत नाही. राहिलेलं : क्रमांक २३ ची दुसरी मापं, क्रमांक ३४ चा नकाशा, आणि गावठाणातल्या चारांचे उत्तरेकडून फोटो. हे कापूस वेचून झाल्यावर.

पावसानं आमच्या सगळ्या चुन्याच्या खुणा धुऊन नेल्या. यंदा भाऊंनी बैल विकले, पेरणीआधीची मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरनं आहे आणि ड्रायव्हर बाहेरगावचा, पोरसवदा. त्याला वावर माहीत नाही. भाऊंनी विचारलं, चुना उरला का? अर्धी पिशवी होती, ती दिली. मी निघालो तेव्हा ते वाकून क्रमांक ८ च्या भोवती चुन्याची रेघ ओढत होते, धोंड्यांपासून दोन हात सोडून, आणि पोरगा ट्रॅक्टर बंद करून बघत उभा होता.